मोबाईलवरचा अभ्यास आणि आपली अभ्यासिका

(विहाराच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण. बोलताना आलेले शब्द शक्यतो तसेच ठेवले आहेत.)



समितीने मला बोलायला विषय दिला तो 'ऑनलाईन शिक्षण'. विषय मोठा आहे आणि माझ्यामागून भोजनदानाचा कार्यक्रम आहे याची मला जाणीव आहे. त्यामुळे सगळ्या विषयाला हात घालत नाही. मी संगणकाचा तज्ज्ञ नाही. शाळेत शिकवण्यात आयुष्य गेले, आणि निवृत्त झाल्यापासून संध्याकाळी आपल्या अभ्यासिकेत बसतो. पोरं येतात, मोबाईल पुढे करतात आणि म्हणतात, "सर, हे उघडत नाही." त्या 'उघडत नाही'वरच मला आज बोलायचे आहे. अभ्यासाचे साहित्य, म्हणजे पुस्तक, टिपणे, व्हिडिओ, प्रश्नपत्रिका, हे इंटरनेटवरून आपल्या मुलांच्या हातापर्यंत येता येता कुठे अडते आणि तो अडथळा काढायला आपल्या विहाराला काय करता येईल, एवढेच बोलणार आहे.

घरबसल्या शिक्षण ही काही आजची कल्पना नव्हे. १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्याचे बोधवाक्य. आपल्यातल्या कितीतरी जणांनी नोकरी सांभाळून, लग्नानंतर, मुले मोठी झाल्यावर तिथून पदवी घेतली. समोर बसलेल्या दोन-तीन ताई तर मला ठाऊकच आहेत. त्यांना आठवत असेल, पुस्तके हातात पडायची, पण नुसत्या पुस्तकांवर भागत नसे. अभ्यासकेंद्रावर जावे लागे, तिथे शंका विचारता येत. त्याच्याही आधी, १९७५-७६ मध्ये, उपग्रहावरून खेड्यापाड्यांत दूरदर्शन दाखवण्याचा 'साईट' नावाचा प्रयोग देशात झाला. सहा राज्यांतील सुमारे २४०० गावे त्यात होती, महाराष्ट्र नव्हता. तिथे टीव्हीचा संच कुणा एकाच्या घरात दिला नव्हता. गावाच्या सार्वजनिक जागी ठेवला होता आणि लोक एकत्र बसून बघत. म्हणजे यंत्र कुठलेही असो, त्याच्याजवळ बसायला जागा लागते आणि विचारायला माणूस लागतो, हे आपल्या देशाला पन्नास वर्षांपासून माहीत आहे.

२०२० साली मात्र ना जागा उरली ना माणूस. मार्चमध्ये शाळांना कुलूप लागले. दहावीचा भूगोलाचा पेपर राहिला तो राहिलाच, शेवटी रद्द झाला. पुढच्या वर्षी, २०२१ ला, दहावीची परीक्षाच झाली नाही. शहरातले पहिली ते सातवीचे वर्ग डिसेंबर २०२१ मध्ये उघडले आणि जानेवारीत पुन्हा काही दिवस बंद झाले. जून २०२० मध्ये ज्या लेकरांची नावे पहिलीत घातली, ती पहिलीचा वर्ग न बघताच दुसरीत गेली. एवढ्या काळात शाळा म्हणजे काय, तर घरातला एक मोबाईल. तोही बापाचा. बाप कामावर गेला की शाळा त्याच्याबरोबर कामावर गेली! संध्याकाळी तो आला की आधी मोठ्या मुलाचा तास, मग धाकट्याचा गृहपाठ, आणि मुलीचा नंबर शेवटी. तोवर दिवसाचा नेट संपलेला असायचा. हे मी कुणाला दोष देण्यासाठी सांगत नाही. आपल्या घराघरांतून हे झाले आहे आणि तुम्ही सगळ्यांनी ते पाहिले आहे.

आता आकडे थोडे सांगतो, फार नाही. 'प्रथम' संस्था दरवर्षी नाही पण नेमाने ग्रामीण भारतातील मुलांची पाहणी करते, 'असर' या नावाने. त्यांच्या पाहणीत २०१८ साली शाळेत नाव असलेल्या मुलांपैकी साडेछत्तीस टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. २०२० मध्ये तो सुमारे ६२ टक्के मुलांच्या घरी आला. पोटाला चिमटा घेऊन लोकांनी फोन घेतले, हे त्यावरून कळते. पण त्याच पाहणीत असेही दिसले की पाहणीच्या आठवड्यात शाळेकडून काही ना काही साहित्य मिळालेली मुले सुमारे एक तृतीयांशच होती. आणि पुढच्या वर्षीच्या पाहणीत, ज्या मुलांच्या घरी फोन होता त्यांतल्याही सुमारे चौथ्या हिश्श्याच्या मुलांना तो अभ्यासाला मिळत नव्हता. ही पाहणी खेड्यांतली आहे हे खरे. पण आपल्या वस्तीतल्या दहा बाय बाराच्या खोल्यांत याहून वेगळे चित्र होते असे मला तरी वाटत नाही.

साहित्य मिळाले म्हणजे काय मिळाले, हेही बघितले पाहिजे. शिक्षक बिचारे रात्री जागून पाठवत होते, त्यांच्या कष्टाबद्दल मला शंका नाही. पण व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आला की त्याचे नाव काय, तर 'आयएमजी', मग तारीख, मग 'डब्ल्यूए' आणि एक आकडा. अशी दोनशे चित्रे एका फोनमध्ये. त्यात विज्ञानाचा चौथा धडा कुठला आणि मावशीच्या बारशाचा फोटो कुठला, हे पोराने शोधायचे. त्यातच सकाळी सकाळी फुलांचे 'सुप्रभात' पाठवणारे काका असतात. गृहपाठ त्या फुलांखाली गाडला जातो. शिवाय व्हॉट्सअ‍ॅप फोटो पाठवताना तो आक्रसतो, वहीतली बारीक अक्षरे पुसट होतात. तोच फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर जसाच्या तसा जातो. साधी गोष्ट आहे, पण पुष्कळांना अजूनही माहीत नाही.

दुसरे, वजन. वजन म्हणजे फाईलचे. एक तासाचा व्हिडिओ अगदी साध्या दर्जाचा घेतला तरी सव्वादोनशे एमबीच्या आसपास जातो. त्याच तासाचा नुसता आवाज घेतला तर तीस एमबीत काम होते. इतिहासाचा किंवा मराठीचा पाठ ऐकायला चित्र कशाला हवे? भूमितीला हवे, जीवशास्त्रातल्या आकृतीला हवे. पण सरसकट सगळ्याचा व्हिडिओ करायचा आणि दिवसाला दीड जीबीच्या पॅकवर चार भावंडांनी तो बघायचा, हा हिशेब बसत नाही.

तिसरी अडचण आपल्या मराठीची आहे. जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेली टिपणे दुसऱ्याच्या संगणकावर उघडली की भलतीच चिन्हे दिसतात. पीडीएफ केली तर दिसते बरी, पण तिच्यात एखादा शब्द शोधायला गेलात तर सापडत नाही. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, आणि युनिकोडात टाईप केलेले मराठी कुठल्याही फोनवर वाचता येते, शोधता येते, आणि ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही त्यांना फोन ते वाचूनही दाखवतो. तेव्हा इथे जी शिकलेली मुले-मुली टिपणे तयार करतात त्यांना माझी विनंती आहे की एवढी एक सवय लावून घ्या.

फुकटात काय काय मिळते, तेही ऐका. बालभारतीची पाठ्यपुस्तके पीडीएफ स्वरूपात मोफत उतरवून घेता येतात. केंद्र सरकारचे 'दीक्षा' नावाचे अ‍ॅप सप्टेंबर २०१७ मध्ये सुरू झाले. (दीक्षा म्हटले की आपल्याला दुसरेच आठवते, पण ते अ‍ॅपचे नाव आहे.) आपल्या पाठ्यपुस्तकांत धड्याजवळ तो काळा-पांढरा चौकोन छापलेला असतो, तो क्यूआर कोड. तो या अ‍ॅपने टिपला की त्या धड्याचे साहित्य समोर येते. कॅमेरा खराब असेल तर चौकोनाखाली छापलेली सहा अक्षरे-आकडे टाईप केले तरी चालते. आणि मुख्य म्हणजे एकदा उतरवून घेतले की नंतर नेटशिवाय बघता येते. ही क्यूआर कोडची कल्पना पुस्तकात आणणारे शिक्षक कुठले, तर सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले. रणजितसिंह डिसले गुरुजी. २०२० चा 'ग्लोबल टीचर प्राईझ' त्यांना मिळाला आणि दहा लाख डॉलरपैकी निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून टाकली. झेडपीच्या शाळेत काही होत नाही म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

महाविद्यालयातल्या मुलांसाठी 'स्वयम्' आहे, २०१७ पासून. अभ्यासक्रम मोफत, परीक्षा द्यायची तर शुल्क. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमाप्रमाणे एका सत्राच्या ४० टक्क्यांपर्यंतचे अभ्यासक्रम तिथून करता येतात, मात्र तुमच्या महाविद्यालयाने ते मान्य करायला हवेत. आधी विचारा, मग नाव नोंदवा. बहुतेक अभ्यासक्रम इंग्रजीत आहेत, ही आपल्या मुलांची मोठी अडचण. खरगपूरच्या आयआयटीने चालवलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय आहे. टीव्हीवर प्रत्येक इयत्तेला शैक्षणिक वाहिनी आहे. असे पुष्कळ आहे, यादी वाचत बसत नाही.

मग एवढे सगळे फुकट असताना आपल्याच वस्तीत एका घरी कंपनीचा माणूस येतो, मुलाला चार गणिते विचारतो, ती येत नाहीत म्हणून आई-बापाला घाबरवतो, आणि हप्त्यावर टॅब गळ्यात मारून जातो. कंपनीचे नाव घेत नाही. महिना अडीच हजारांचा हप्ता, धुणीभांडी करणाऱ्या बाईच्या नावावर! तीन महिन्यांत पोरगा तो टॅब उघडेनासा झाला, कारण त्यातले सर इंग्रजीतून बोलत होते. हप्ता मात्र थांबला नाही. त्या माऊलीला जे विकले गेले त्यातले बहुतेक 'दीक्षा'वर मराठीत, एक पैसा न देता होते. पण ते तिला सांगायला कुणी दारात गेले नव्हते. कंपनीचा माणूस गेला होता. हे मला फार लागले.

आता साहित्य चांगले पोहोचवणे म्हणजे काय, याचे दोन नमुने सांगतो.

पहिला मुंबईच्या आयआयटीचा. तिथले प्राध्यापक कण्णन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने 'स्पोकन ट्युटोरियल' नावाचा प्रकल्प उभा राहिला. संगणकावरची कामे, म्हणजे पत्र टाईप करणे, तक्ता बनवणे, प्रोग्राम लिहिणे, हे शिकवणारे सुमारे दहा-दहा मिनिटांचे पाठ. मराठीतूनही आहेत. त्यात गंमत अशी की पडद्यावर दिसणारा मजकूर इंग्रजीच राहतो आणि समजावून सांगणारा आवाज तेवढा मराठीत होतो. कारण उद्या नोकरीवर गेल्यावर संगणक इंग्रजीच असणार, पण समजायला भाषा आपली हवी. आणि तो पाठ नुसता बघायचा नाही. पडद्याचे दोन भाग करायचे. एका बाजूला पाठ, दुसऱ्या बाजूला प्रत्यक्ष काम. त्यांनी एक कृती केली की पाठ थांबवायचा, आपण तीच कृती करायची, मग पुढे. नेट नसलेल्या ठिकाणी उतरवून नेता येतो. शिकणारा कुठे अडेल याचा विचार आधी करून मग पाठ बनवला आहे, म्हणून तो चालतो.

दुसरा नमुना तुम्हा सर्वांच्या जिव्हाळ्याचा. १९३६ साली लाहोरच्या जातपाततोडक मंडळासाठी बाबासाहेबांनी भाषण लिहिले. मंडळाला ते झेपले नाही आणि भाषण झालेच नाही. तेव्हा बाबासाहेबांनी ते स्वखर्चाने छापले, १५०० प्रती. तेच 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'. आज महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून काढलेले, वसंत मून यांनी संपादनाला सुरुवात केलेले बाबासाहेबांचे इंग्रजी खंड इंटरनेटवर पीडीएफ रूपात फुकट मिळतात, ही मोठीच सोय झाली. पण शेकडो पानांचा खंड बारावीच्या मुलाच्या फोनवर टाकला तर तो पहिल्या पानावरून परत येतो. बाबासाहेब ज्या कोलंबिया विद्यापीठात १९१३ ते १९१६ शिकले, तिथल्या प्राध्यापिका फ्रान्सिस प्रिचेट यांनी या एका भाषणाची इंटरनेटवर विद्यार्थ्यांसाठी वेगळी मांडणी केली. भाग पाडले, भागांना मथळे दिले, परिच्छेदांना क्रमांक घातले. त्यामुळे शिक्षक म्हणू शकतो, आज अमुक भागाचा तिसरा परिच्छेद वाचून या. मुलगा तो मिनिटात काढतो, वर्गात सगळ्यांच्या समोर तोच परिच्छेद असतो, आणि चर्चा होते. मजकूर बाबासाहेबांचाच. पण मुलाला आत शिरायला दार मिळाले. असे मराठीत आपल्याला करता येणार नाही का? आपल्याकडे मराठी विषय घेऊन एम. ए. झालेल्या चार मुली याच सभागृहात बसल्या आहेत!

तर आता आपल्या अभ्यासिकेकडे येतो. समितीच्या परवानगीने एक योजना मांडतो. अभ्यासिकेत देणगीत आलेला जुना संगणक कपड्याखाली झाकून ठेवला आहे. तो चालतो, मी बघितला. त्याला एक टीबीची हार्ड डिस्क जोडायची. पहिली ते बारावीची पुस्तके, 'दीक्षा'वरचे निवडक धडे, स्पोकन ट्युटोरियलचे मराठी पाठ, मागच्या प्रश्नपत्रिका, हे सगळे त्यात एकदाच उतरवून ठेवायचे. 'किविक्स' नावाचा मोफत प्रोग्राम आहे, त्यात २००३ पासून चालू असलेला मराठी विकिपीडिया सबंध साठवता येतो आणि नेटशिवाय वाचता येतो. (काही नोंदी दोनच ओळींच्या आहेत, तिथे फार अपेक्षा ठेवू नये.) नेट एकाच्या घरचे, आठवड्यातून एकदा. बाकी दिवस मुलांनी यायचे आणि हवे ते आपापल्या फोनमध्ये केबलने किंवा पेनड्राईव्हने घेऊन जायचे. एका मुलाने घरी दहा वेळा उतरवण्यापेक्षा हे स्वस्त पडते.

फाईलला नाव देताना इयत्ता, विषय, धडा, याच क्रमाने द्यायचे, मराठीत. आणि काय काय आहे त्याची यादी फळ्यावर खडूने लिहायची, कारण जे दिसते तेच मागितले जाते. दुकानात विकत मिळणाऱ्या गाईडच्या चोरून फिरणाऱ्या पीडीएफ मात्र आपल्या डिस्कवर नकोत. मोफत आणि रीतसर मिळणारेच इतके आहे की त्यांची गरज नाही, आणि विहाराच्या जागेत ते शोभणारही नाही.

वेळेबद्दल माझा थोडा आग्रह आहे. संध्याकाळी सात ते नऊ ठेवली तर मुलगेच येतील. दिवेलागणीनंतर पोरीला एकटी पाठवायला आया तयार नसतात आणि त्यांचेही चूक नाही. म्हणून चार ते सहा हे दोन तास मुलींसाठी राखून ठेवावेत, आणि त्या वेळेला महिला मंडळातली एक ताई तिथे असावी. तिला संगणक यायलाच हवा असे नाही. पोरीने बघितलेला धडा आपल्या शब्दांत तिला सांगायचा. ताईला कळला तर पोरीला कळला. ताईलाही दहावीचा अर्धवट राहिलेला अभ्यास सहज होऊन जाईल. तशा दोघी-तिघी आहेत आपल्यात.

एक वही ठेवायची. तारीख, मुलाचे नाव, काय नेले, आणि चौथा रकाना, 'उघडले का?'. पुढच्या वेळी आला की विचारून भरायचा. शाळांच्या ग्रुपवर निळ्या खुणा दिसल्या की काम झाले असे धरतात. खूण फक्त एवढेच सांगते की मेसेज उघडला गेला. फाईल उघडली का, उघडल्यावर समजली का, हे त्या खुणेत नसते. चौथा रकाना रिकामा राहिला तर त्या मुलाच्या घरी जाऊन यायचे. गल्ली तर आपलीच आहे, किती लांब जायचे?

खर्चाचे म्हणाल तर हार्ड डिस्क, एक एक्स्टेन्शन बोर्ड, आणि विजेच्या बिलात थोडी भर. वर्धापनदिनाच्या जमाखर्चात काही शिल्लक राहिली तर त्यातून द्यावी असा अर्ज मी अध्यक्षांकडे आजच देतो आहे. पदवीला शिकणाऱ्या दोन मुलांनी आणि दोन मुलींनी रविवारचे दोन तास द्यावेत, साहित्य निवडणे आणि नावे घालणे हे काम त्यांचे. येत्या रविवारी वंदना झाल्यावर दहा वाजता मी अभ्यासिका उघडतो. किल्ली माझ्याकडेच आहे. घरात वापरात नसलेली डाटा केबल, चालू असलेला जुना फोन, पेनड्राईव्ह असेल ते घेऊन या. नववी-दहावीच्या मुलांनी शाळेच्या ग्रुपवर आलेले पण न उघडलेले जे काही असेल ते दाखवायला आणावे. सुरुवात त्याच्यापासून करू.